पत्ते वाटण्याची नोकरी आणि आमच्या दुकानांचे दरवाजे

रत्नागिरी जिल्ह्यातील खाडीकाठच्या गावचा एक तरुण गेल्या महिन्यात वडिलांसह आमच्याकडे आला. बारावी झालेला, गणितात हुशार, वडील सुतार. त्याच्या मोबाईलवर एक जाहिरात होती. पणजीच्या एका कॅसिनोत डीलर म्हणून नवखी मुले घेणे आहे, अनुभवाची अट नाही, काम कंपनी शिकवील, राहण्याची सोय कंपनी करील. "चाचा, मी काही जुगार खेळणार नाही. मी फक्त पत्ते वाटणार. मग त्यात अडचण काय?" असा त्याचा प्रश्न. वडील बाजूला बसून होते. ते काही बोलले नाहीत.

हराम आहे, जाऊ नकोस, एवढे सांगून त्याला वाटेला लावणे सोपे होते. तसे आम्ही केले नाही. तो ज्या कामाविषयी विचारीत होता ते काम नेमके काय असते, याची माहिती आमच्या वाचकांपैकी फार थोड्यांना असावी. ज्या मालाची पारख नाही त्याचा सौदा करू नये आणि त्याला नावेही ठेवू नयेत, हे व्यापारी बंधूंना आम्ही सांगावयास नको.

प्रथम कायद्याचे पाहू. गोव्यात जुगारबंदीचा कायदा १९७६ चा आहे. त्यात १९९२ मध्ये दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत विजेवर चालणाऱ्या जुगारयंत्रांना वाट मिळाली, आणि १९९६ च्या दुरुस्तीने जहाजांवर मेजावरचे खेळ चालविण्यास परवानगी मिळाली. मांडवी नदीत पणजीसमोर जी झगमगती जहाजे उभी दिसतात ती या दुरुस्तीची लेकरे. सिक्कीमने २००२ मध्ये आपला कायदा केला. महाराष्ट्राचा कॅसिनो कायदा तर १९७६ सालीच झाला होता. तो कधीच अमलात आला नाही, आणि २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तो रद्द करण्याचाच निर्णय घेतला. म्हणजे आपल्याकडील मुलाला ही नोकरी हवी असेल तर बांद्याची सीमा ओलांडल्याशिवाय गत्यंतर नाही.

आता काम. डीलर म्हणजे पत्ते पिसून टाकणारा हमाल, अशी आमचीही समजूत होती. माहिती घेतली तेव्हा ती निघून गेली. शिकाऊ मुलाच्या हाती पहिले कित्येक दिवस पत्ते येतच नाहीत, चिप्स येतात. वीस चिप्सची एक चवड. ती एका हाताने उचलावयाची, बोटाच्या अंदाजाने पाच-पाचचे ढीग पाडावयाचे, आणि ते असे मांडावयाचे की वर छतात बसविलेल्या कॅमेऱ्याला न मोजता मोजता यावेत. बोटे सुजेपर्यंत हेच. त्यानंतर पाढे. रुलेटच्या चाकावर एका आकड्यावर लावलेल्या पैजेला पस्तीस पट, दोन आकड्यांच्या मधल्या रेषेवर लावलेल्या पैजेला सतरा पट, तिघांत अकरा पट, चौघांच्या कोपऱ्यावर आठ पट, सहांवर पाच पट. समजा, एकाने आलेल्या आकड्यावर तीन चिप्स लावल्या, रेषेवर दोन आणि कोपऱ्यावर एक. तर पस्तीस त्रिक एकशे पाच, सतरा दुणे चौतीस आणि आठ, एकूण १४७. हा हिशेब कागद-पेन्सिलीशिवाय, चार-सहा माणसे भोवती ओरडत असताना, दोन-तीन श्वासांत करावयाचा. आमच्या त्या तरुणाने तो आमच्यासमोर करून दाखविला. किराणा दुकानात वाढलेल्या मुलाला हे जड जाणार नाही.

मग पत्ते. ब्लॅकजॅकमध्ये सहा किंवा आठ जोड एकत्र पिसून एका डब्यात ठेवतात आणि त्यातून एकेक पान सरकवितात. एक्का एकचा की अकराचा, डीलरने सतरावर थांबावयाचे, पहिल्या दोन पानांत एकवीस झाले तर पुष्कळ ठिकाणी शंभराला दीडशे द्यावयाचे, हे नियम तोंडपाठ. बॅकरामध्ये तिसरे पान कोणाला मिळणार याचे कोष्टक ठरलेले असते, आणि बँकेच्या बाजूने जिंकणाऱ्याकडून साधारणपणे पाच टक्के कापून घेतात. आपल्याकडील कॅसिनोत याशिवाय अंदर-बाहर आणि तीन पत्ती असतेच. गावच्या जत्रेत पोलिसांना चुकवून चालणारा खेळ तेथे वातानुकूलित होतो, एवढाच फरक.

शिक्षणाच्या शेवटी परीक्षा असते, तीही मेजावर. वरिष्ठ लोक गिऱ्हाईक बनून बसतात. एक जण दारू प्यालेला असल्याचे सोंग घेतो, दुसरा चाक थांबल्यावर गुपचूप चिप सरकवितो, तिसरा हिशेबावरून हुज्जत घालतो. मुलाचा आवाज चढला, हात थरथरले किंवा देणे चुकले की तो पुन्हा शिकाऊ. मेजावरून उठताना दोन्ही तळहात उलटसुलट करून कॅमेऱ्याला दाखवावे लागतात, बाहीत किंवा मुठीत काही नाही याची ती साक्ष. गणवेशाला बहुधा खिसाच नसतो. डीलरवर नजर ठेवणारा निरीक्षक, त्याच्यावर नजर ठेवणारा पिट बॉस, आणि या सर्वांवर वरून कॅमेरा. साधारण तासाभराने हात थकतो आणि डोके चुकते हे मालकाला ठाऊक असते, म्हणून मधूनमधून विश्रांती सक्तीची.

हे सर्व ऐकून मनात येते, किती शिस्तीचा धंदा! शिस्त आहेच. पण ती कशासाठी आहे हे आकड्यांतूनच पाहावे.

रुलेटच्या साध्या चाकावर शून्य ते छत्तीस असे ३७ आकडे असतात. एखाद्याने सर्वच्या सर्व आकड्यांवर शंभर-शंभर रुपये लावले तर त्याचे ३,७०० गेले. कोणता तरी एक आकडा येणारच. त्यावर पस्तीस पट म्हणजे ३,५०० आणि लावलेले शंभर मिळून ३,६०० परत आले. मधले शंभर रुपये शून्याने खाल्ले. ही कसर २.७ टक्के. अमेरिकेत दोन शून्यांचे चाक चालते, तेथे ती ५.२६ टक्के. व्यापारी म्हणेल, अडीच-पावणेतीन टक्के म्हणजे काहीच नाही, घाऊक साखरेतही एवढे सुटतात. येथेच माणूस फसतो. ही कसर गिऱ्हाइकाने आणलेल्या भांडवलावर नाही, उलाढालीवर आहे. दर फेरीला हजार रुपये लावणारा माणूस तासाला तीस फेऱ्या खेळला तर त्याची उलाढाल तीस हजारांची झाली आणि सरासरीने ८१० रुपये गेले. डीलरने हात भरभर चालवून त्याच तासात चाळीस फेऱ्या केल्या तर १,०८० रुपये गेले. चाक तेच आणि नियमही तेच. वाढली ती फक्त डीलरच्या हाताची चपळाई.

त्या तरुणाला आम्ही एवढेच दाखविले. तू जुगार खेळणार नाहीस हे खरे. पण मालक तुला पगार कशाचा देतो? चूक न करता वेगाने हात चालविण्याचा. त्या वेगातूनच समोरच्याचा पैसा झिजतो. दुकानाबाहेर पहारा करणारा आणि वजनात काटा मारणारा, दोघेही नोकरच. पण दोघांचे काम एक म्हणता येईल काय? कुरआनात सूरह बकराच्या २१९ व्या आयतीत जुगारात काही लाभ असल्याचे नाकारलेले नाही, पण त्यातील गुनाह लाभाहून मोठा ठरविला आहे. आणि सूरह माइदाच्या ९० व्या आयतीत त्यापासून दूर राहण्याचा स्पष्ट हुकूम आहे. व्याजाच्या बाबतीत घेणारा, देणारा, लिहिणारा आणि साक्षीदार यांना हदीसमध्ये एकाच रांगेत उभे केले आहे. उलेमा त्याच न्यायाने डीलरच्या मजुरीकडे पाहतात. फतवा देणे हे या पानाचे काम नव्हे. जे आज त्या नोकरीत आहेत आणि ज्यांच्या कमाईवर घर चालते त्यांनी मोहल्ल्यात चर्चा न करता जाणत्या मुफ्तींकडे जावे. आम्ही येथे व्यापाराच्या अंगाने बोलत आहोत.

गोवा सरकारचेच वागणे पाहा. १ फेब्रुवारी २०२० पासून गोव्याच्या रहिवाशांना कॅसिनोत जाऊन खेळण्यास बंदी आहे. एकवीस वर्षांखालील कोणालाही खेळासाठी प्रवेश नाही. पण गोव्याच्या मुलांनी तेथे नोकरी करावी याला कोणाची हरकत नाही. उलट रोजगार म्हणून तेच कौतुकाने सांगितले जाते. घरच्यांना विष नको, पण विकण्यास मुले चालतील! शेजारच्या नेपाळातही कॅसिनो आहेत आणि तेथेही देशाच्या नागरिकांना खेळण्यास मनाई आहे. ज्यांनी परवाना दिला त्यांचीच आपल्या मालाविषयी ही खात्री.

नोकरी टिकाऊ आहे काय? मार्च २०२० मध्ये महामारीमुळे कॅसिनो बंद झाले ते नोव्हेंबर उजाडेपर्यंत उघडले नाहीत. मांडवीतून जहाजे हटवा ही मागणी पणजीत वर्षानुवर्षे आहे, आणि सरकार प्रत्येक वेळी मुदत वाढवून देते. म्हणजे सगळा धंदा मुदतवाढीवर तरंगतो. कराचे ओझे वेगळेच. १ ऑक्टोबर २०२३ पासून चिप्सच्या खरेदीच्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागला आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तो दर ४० टक्के झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये तर संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदी घालणारा कायदाच केला. अशा धंद्यात कारागिराच्या पोराने उमेदीची वर्षे घालावी काय, हा प्रश्न दीन बाजूला ठेवला तरी उरतोच. रात्रपाळी, उभ्याने काम, हरलेल्या माणसाच्या शिव्या हसून ऐकणे, ईद असो वा शनिवार-रविवार, गर्दीच्या दिवशी रजा नाही. हे त्यात धरलेलेच नाही.

"गोव्यात दोन वर्षे काढीन, मग बाहेर जाईन," असे तो म्हणाला. सगळेच असे म्हणतात. म्हणून बाहेरचेही सांगतो. लास व्हेगासमध्ये डीलरी शिकविणाऱ्या खासगी शाळा आहेत. तेथून निघालेला नवखा प्रथम लहान, दुय्यम कॅसिनोत हात मोडून घेतो आणि मगच मोठ्या ठिकाणी चाचणी देतो. पगार किमान वेतनाच्या आसपास, खरी कमाई बक्षिसीची. पण तेथे काम करण्याचा कायदेशीर हक्क असल्याशिवाय दारात उभे करीत नाहीत. इंग्लंडमध्ये मेजावर उभे राहण्यासाठी जुगार आयोगाचा वैयक्तिक परवाना लागतो. मकाव हे जगातील फार मोठे जुगारकेंद्र, पण तेथील धोरणाने डीलरची नोकरी स्थानिक रहिवाशांसाठीच राखीव आहे. तेव्हा मकावमध्ये डीलर म्हणून लावून देतो असे म्हणत कोणी एजंट आला तर तो लबाड आहे हे तेथेच ओळखावे. प्रवासी जहाजांवर बहुधा अनुभवी माणूस घेतात, शिवाय समुद्रसुरक्षेचे प्रमाणपत्र आणि सीडीसी लागते. जहाजावर भरती करणाऱ्या एजंटाकडे नौवहन महासंचालनालयाचा परवाना असावा लागतो, आणि नोकरी लावून देण्याबद्दल त्याने खलाशाकडून पैसे घेणे नियमात बसत नाही. कोकणातील किती घरांनी असे पैसे मोजले आहेत हे आम्ही येथे लिहीत बसत नाही. वाचकांना आपापल्या वाड्या ठाऊक आहेत.

आखाताचेही आता ऐकू येऊ लागले आहे. संयुक्त अरब अमिरातीने २०२३ मध्ये जुगारावर देखरेख करणारे प्राधिकरण नेमले, २०२४ च्या ऑक्टोबरात रास अल खैमा येथील एका बड्या हॉटेलाला परवाना दिला, आणि ते २०२७ मध्ये उघडण्याचे नियोजन आहे. तेथील भरतीची जाहिरात उद्या आमच्या गावात येईल तेव्हा लोक म्हणतील, अरबांच्या देशात चालते, मग आम्हालाच का नाही? मुसलमान राज्यकर्त्याने परवाना दिला म्हणून शून्याचे खाणे थांबत नाही.

आणि सर्वांत वाईट बाब कंबोडिया-म्यानमारची. डेटा एंट्री, ग्राहक सेवा, कॅसिनो, अशी नावे सांगून नेलेल्या तरुणांना तेथील बंदिस्त आवारांत कोंडून त्यांच्याकडून फोनवरून लोकांना लुबाडण्याचे काम करून घेतात. पासपोर्ट काढून घेतात, नकार दिला तर मारहाण करतात. परराष्ट्र मंत्रालयाने २०२२ पासून याबद्दल पुन्हा पुन्हा इशारे दिले आहेत. एजंट नोंदलेला आहे की नाही हे केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट या नोंदवहीवर पाच मिनिटांत पाहता येते. घरातील मुलगा तेवढे करू शकतो. आमचे लोक मात्र एजंटाच्या मामाच्या ओळखीवर विश्वास ठेवतात.

हे सर्व सांगून झाले. तरुणाने शांतपणे ऐकले आणि म्हणाला, "चाचा, पटले. मग मी काय करू? मला कोण घेतो?"

आम्हाला वाटले, हे सोपे आहे. आम्ही त्याला घेऊन तीन ठिकाणी गेलो. तिन्ही ठिकाणे आपल्याच लोकांची, तिन्ही मालक नमाजी, जकात देणारे. पहिल्या लाकूड व्यापाऱ्याने अनुभव विचारला. अनुभव नाही म्हटल्यावर म्हणाले, कुठेतरी दोन वर्षे काढून ये, मग बघू. दुसरे फर्निचरचे कारखानदार. त्यांनी सहा महिने फुकट काम कर, हात बसला तर पगाराचे बोलू, असे सांगितले. तिसऱ्यांनी चहा पाजला आणि आजकालची मुले टिकत नाहीत यावर अर्धा तास ऐकविले. परत येताना त्याच्या वडिलांनी पहिल्यांदा तोंड उघडले. "भाई, ते जुगारवाले तरी शिकवतो म्हणतात."

या वाक्याला आमच्याकडे उत्तर नव्हते. जुगाराचा मालक कोरा मुलगा घेतो, त्याच्यावर खर्च करतो, चिप उचलण्यापासून शिकवितो, परीक्षा घेतो, दर तासाला विश्रांती देतो, कारण शिकलेला हात म्हणजे आपले भांडवल हे त्याला समजले आहे. आम्ही हलाल धंदेवाले मात्र शिकाऊ मुलाला झाडू मारण्यास ठेवतो, दोन वर्षे चहा आणावयास लावतो, आणि तो सोडून गेला की पिढीला दोष देतो. आमच्या वाडवडिलांच्या कारखान्यात असे नव्हते असे म्हणण्याचा मोह होतो, पण तेथेही उस्तादाच्या चपलेखाली बरीच पोरे करपली, हे खरे.

कायद्याची मदत नाही असेही नाही. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ चा. तीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला शिकाऊ घेणे बंधनकारक आहे, आणि चार ते एकोणतीस असतील तर मालकाच्या इच्छेवर. २०१६ च्या राष्ट्रीय प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, दरमहा १५०० रुपयांपर्यंत, सरकारने उचलण्याची तरतूद झाली. चार-सहा कामगारांचे किती कारखाने आमच्या समाजात आहेत! त्यांपैकी किती जणांनी तेथे नाव नोंदविले? सुतार, लोहार, शिंपी, कुलूपवाले, गवंडी अशा अठरा व्यवसायांसाठी सप्टेंबर २०२३ मध्ये विश्वकर्मा योजना निघाली. तीत प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आहे. पुढच्या कर्जावर व्याज आहे. ते ज्यांना नको त्यांनी घेऊ नये, पण अवजारांच्या पैशावर व्याज नाही. त्या तरुणाच्या वडिलांना ही योजना आमच्याकडूनच प्रथम कळली. ते तीस वर्षे रंधा मारीत आहेत.

आमची सूचना साधी आहे. प्रत्येक बाजारपेठेतील दहा दुकानदारांनी मिळून वर्षाला दहा कोरी मुले घ्यावीत. पहिल्या दिवसापासून विद्यावेतन द्यावे, थोडे का असेना. तीन महिन्यांत काय शिकविणार हे कागदावर लिहून द्यावे आणि शेवटी परीक्षा घ्यावी. नापास झाला तर तेही तोंडावर सांगावे. जो मुलगा १४७ चा हिशेब डोक्यात करतो तो लाकडाचे घनफूट, कापडाची कसर, सोन्याची घट, हॉटेलातील रोकड काय सांभाळणार नाही? गल्ल्यावर विश्वास ठेवता येत नाही म्हणून बाहेरची मुले घेत नाही, अशी सबब आम्ही पुष्कळदा ऐकतो. कॅसिनोवाल्याचा तर आपल्या कोणाही नोकरावर विश्वास नसतो. त्याने त्यासाठी तळहात दाखविण्याची आणि मोजदादीची पद्धत बसविली. आपणही संध्याकाळी दोघांनी मिळून गल्ला मोजण्याची पद्धत बसवू शकतो. त्याला कॅमेराही लागत नाही.

तीन नकारांनंतर चौथ्या ठिकाणी, एका हार्डवेअरच्या घाऊक व्यापाऱ्याकडे, आम्ही पुन्हा शब्द टाकला. ते तीन महिने ठेवून घेण्यास तयार झाले आहेत. पगार कॅसिनोपेक्षा बराच कमी आहे, ते आम्ही लपवीत नाही. मुलाने एकच मागणी केली, काय शिकविणार आणि किती देणार हे लिहून द्या. मालक म्हणाले, आपल्या माणसात कसले लिहिणे, बघू. पणजीच्या मुलाखतीची तारीख येत्या गुरुवारची आहे. त्यांनी कामाच्या अटींचा कागद आधीच पाठवून दिला आहे.